फोटोग्राफीचा ऑनलाईन कोर्स घेऊ का? (रात्री बाराला सेल संपतोय)

कैरीपन्हं (शनिवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. २०१८ मध्ये लेक व्हायच्या आधी हौसेने निकॉनचा डी५६०० घेतला होता, सोबत १८-५५ (रोजची) आणि ७०-३०० (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्सा. बारसं, पहिला वाढदिवस, एक केरळ ट्रिप एवढं झालं आणि मग फोनचे कॅमेरे भारी यायला लागले आणि हा बिचारा कपाटात गेला तो गेलाच. वापरला तेव्हाही सगळं ऑटोवर, गोल चकतीवरचा हिरवा डबा सोडून कुठे हात लावला नाही.

आता लेक मोठी झालीये, रविवारी सकाळी बाबाबरोबर स्विमिंगला जाते, म्हणजे आठवड्यातून तीन तास माझे स्वतःचे. तर मला नीट शिकायचंय. एक ऑनलाईन कोर्स बघून ठेवलाय, ४२ तासांचे व्हिडिओ, मूळ किंमत ३,४९९ आणि आज रात्री बारापर्यंत ४४९. नवरा म्हणतो घे की, एका पिझ्झ्याचे पैसे. पण खरं सांगते, लॉकडाऊनमध्ये पण असाच एक घेतला होता, तो ११ टक्क्यांवर अडकलाय, अजून दर महिन्याला मेल येते की तुमची प्रगती छान चालू आहे म्हणून.

दुसरा पर्याय म्हणजे इथे पुण्यात एक क्लास आहे, आठ रविवार, १८ हजार. तिसरा म्हणजे यूट्यूब. तुमच्यापैकी कोण कसं शिकलं सांगाल का? हडपसरला राहते, लग्नाचे फोटो काढून पैसे वगैरे कमवायचे नाहीयेत, फक्त मनात दिसतं तसं फोटोत यावं एवढंच.

खडूस_पुणेकर (शनिवार, रात्री ९:२०)

सेल बाराला संपत नसतो. सोमवारी नवीन नावाने परत लागतो. निवांत झोपा.

लीड्सकर (शनिवार, रात्री ९:५८)

खडूसराव बरोबर आहेत पण मी कोर्सच्या बाजूने बोलणार. मी इकडे इंग्लंडात आले तेव्हा डिसेंबर होता, दुपारी चारला काळोख, ओळखीचं कुणी नाही, फोटोवॉकला जायचं म्हटलं तर तोंडातून इंग्रजी फुटत नव्हतं. तेव्हा मी घरात बसून ऑनलाईनच शिकले आणि मला त्याचा खूप उपयोग झाला. विशेषतः गणिताचा भाग. ते लेन्सच्या भोकाचे म्हणजे ॲपर्चरचे आकडे, एफ १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असं काय विचित्र पाढ्यासारखं असतं ना, ते मला वर्षानुवर्षं कळलं नव्हतं, कोर्समधल्या माणसाने कागदावर गोल काढून दाखवलं की प्रत्येक पायरीला भोकाचं क्षेत्रफळ अर्धं होतं म्हणून उजेड अर्धा होतो, आणि तेवढाच तो शटरने (उजेड किती वेळ आत घ्यायचा) किंवा आयएसओने (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा) भरून काढायचा, की डोक्यात लख्ख. ते कुणी फोटोवॉकला गेल्यावर उभ्या उभ्या समजावत नाही. व्हिडिओ थांबवून चार वेळा बघता येतो, मास्तरला चार वेळा विचारायची लाज वाटते.

फक्त एक करा, ४२ तासांचा घेऊ नका. ४२ तास म्हणजे वेबसीरिज झाली. चार-पाच तासांचा आणि प्रत्येक धड्याला गृहपाठ असलेला बघा, आणि गृहपाठ झाल्याशिवाय पुढचा धडा लावायचा नाही अशी शपथ घ्या. तुमचे ११ टक्के तिथेच अडकले असणार, तुम्ही बघत गेलात, काढत नाही गेलात.

आणि न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमचा एक कोर्स कोर्सेरा नावाच्या साईटवर आहे, त्यात कॅमेऱ्याचं बटण एकही शिकवत नाहीत, नुसतं फोटो बघायला शिकवतात. मला तो जास्त आवडला, पण तो नंतर.

मेगापिक्सेल_मामा (शनिवार, रात्री १०:०५)

ताई आधी तो डी५६०० विकून टाका, डीएसएलआर (आत आरसा असलेले तुमच्यासारखे कॅमेरे) मेलं आता. बिनआरशाचा मिररलेस घ्या फुल फ्रेम, मोठ्या सेन्सरचा. आय ऑटोफोकस आहे, डोळा स्वतःच शोधून फोकस करतो, शिकायची गरजच पडत नाही.

खडूस_पुणेकर (शनिवार, रात्री १०:०७)

मामा, बाईंनी शिकायचंय म्हणून धागा काढलाय आणि तुम्ही शिकावं लागू नये म्हणून दीड लाख खर्च करायला सांगताय.

मेगापिक्सेल_मामा (शनिवार, रात्री १०:११)

माझ्या पैशाने घेतोय का मी. मत मांडलं. कॅननवाले असाल तुम्ही.

धागा_राखणदार (शनिवार, रात्री १०:४०)

कॅनन-निकॉनचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, २०११ पासून चालू आहे, तिकडे जा.

रानपाखरू (रविवार, सकाळी ६:०२)

हडपसरला राहता आणि विचारताय कुठे शिकू? कवडीला या ना, पक्ष्यांचे फोटो काढायला! सोलापूर रोडने लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे आत, तुम्हाला वीस-पंचवीस मिनिटं. आत्ता थंडीत चक्रवाक आलेत, शेकाट्या, शराटी, धोबी तर कायमचेच. पाण्याला वास येतो, मुळामुठाच ती, रुमाल आणा.

मी कोर्स केला होता, पैसे देऊन, त्याचा किस्सा सांगते. त्यात शिकवलं होतं की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर सगळ्या जगाला करडं करायला बघतं, म्हणून पांढरी वस्तू असेल तर एक्सपोजर (फोटोतला उजेड) प्लस करा नाहीतर ती मळकी येते. पाठ केलं. कवडीला आले, समोर बगळा, पांढराशुभ्र, मी लगेच प्लस एक. घरी येऊन बघते तर बगळ्याच्या जागी पांढरा कागद कापून चिकटवल्यासारखं, एक पीस दिसेना. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी शेजारी एक रिटायर्ड काका ट्रायपॉड लावून बसले होते, त्यांनी माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाले, अहो बगळा पांढरा आहे पण फोटो पांढरा नाहीये. फोटोत नव्वद टक्के काळं पाणी आहे, मीटर त्या पाण्याला उजळ करायला बघतंय आणि तुम्ही वर आणखी प्लस करताय, मायनस करा. मायनस एक केलं आणि पिसं दिसली!

आता कोर्समध्ये चुकीचं सांगितलं होतं का, तर नाही. बर्फाच्या फोटोला प्लसच करतात. पण माझा बगळा बर्फात नव्हता ना. पुस्तकातलं उदाहरण आणि माझ्यासमोरचं उदाहरण उलटं आहे हे सांगायला शेजारी माणूस लागला. मग पुढच्या वेळेला म्हशी आल्या पाण्यात तेव्हा मी आपली आपण विचार करून सेटिंग केलं (काळी म्हैस, फ्रेमभर, मीटर तिला करडी करणार, म्हणून मायनस), फार भारी वाटलं होतं.

७०-३०० आहे तुमच्याकडे, सुरुवातीला बास आहे. शटर १/१००० च्या खाली आणू नका उडणाऱ्यांना. जमलं तर मग एकदा भिगवणला जाऊ, उजनीचं बॅकवॉटर, कुंभारगावहून नावेने, फ्लेमिंगो. पण नाव हलते, आधी जमिनीवर शिका.

जास्वंद (रविवार, सकाळी ११:३०)

१८ हजारवाल्या क्लासबद्दल. तोच आहे की नाही माहीत नाही आणि नाव घेत नाही, पण मी असाच एक केला होता तीन वर्षांपूर्वी. आम्ही २६ जण. सहा रविवार प्रोजेक्टरवर स्लाईड, ज्या यूट्यूबवर फुकट आहेत. सातव्या रविवारी मॉडेल शूट, एक बिचारी मुलगी नदीकाठी उन्हात उभी आणि तिच्यासमोर २६ कॅमेरे कोपराला कोपर लावून, सर ओरडणार "एफ ११, वन बाय टू फिफ्टी, आयएसओ शंभर" आणि सगळ्यांनी तेच लावायचं. सगळ्यांचे फोटो एकसारखे, फक्त मी बुटकी म्हणून माझ्या फोटोत तिची हनुवटी मोठी. आठव्या रविवारी सर्टिफिकेट आणि समोसा.

एवढं असूनही पैसे वाया गेले म्हणवत नाही, कारण तिथल्या चौघीजणी अजून भेटतो. महिन्यातून एकदा, प्रत्येकीने पाचच फोटो आणायचे, प्रिंट करून, चार बाय सहा, आणि बाकीच्या तिघींनी "छान" हा शब्द वापरायचा नाही हा नियम. पहिल्यांदा रडू आलं होतं मला. मंडईतला एक भोपळेवाल्या आजींचा फोटो होता माझा, मला फार आवडता, फेसबुकवर दोनशे लाईक पडलेले आणि खाली नाईस क्लिक, ऑसम, टच्ड माय हार्ट. आमच्यातली एक म्हणाली, आजींच्या डोक्यातून ट्यूबलाईट का निघालीये? दोनशे लोकांना दिसली नाही ती ट्यूबलाईट. मला पण नाही.

क्लास लावायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा फोनवर, माझे फोटो तुम्ही बघणार का आणि किती वेळ. त्यावर "हो हो शेवटी प्रदर्शन असतं" असं उत्तर आलं तर ठेवून द्या फोन. रीतसर डिग्रीच करायची असेल तर वेगळी गोष्ट, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात अप्लाईड आर्टमध्ये आहे, एनआयडी या डिझाईन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाईन आहे, पण ते तुमच्या तीन तासांत बसत नाही. मुंबईत असतात तर फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया म्हटलं असतं, १९३७ पासून आहे ती संस्था.

इचलकरंजीकर (रविवार, दुपारी ३:१५)

नमस्कार ताई. मी लग्नाचे फोटो काढतो, धंदाच तो, तुम्हाला करायचा नाही माहिती हाय पण शिकायचं विचारलंय म्हणून लिहितो. टाईप करायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

मी बारावी नापास. आमच्या मालकांकडं लागलो ते व्हिडिओवाल्याचा हॅलोजन धरायला. दीड वर्ष नुसता लाईट धरला. हात भाजायचा. पण त्या दीड वर्षात एक कळलं की लाईट चेहऱ्यासमोरनं मारला की तोंड भाकरीसारखं सपाट दिसतंय आणि जरा बाजूला सरकून वरनं धरला की नाक येतंय, गाल येतोय, नवरी नवरीसारखी दिसती. हे मला कुणी शिकवलं नाही, मालक फक्त "सरक" एवढंच म्हणायचे. कुठं सरकू विचारलं की शिवी.

मग कॅमेरा हातात आला. आमच्या लायनीत सगळ्यात अवघड फोटो कुठला तर अंतरपाट. शेवटचं मंगलाष्टक, सावधान झालं की गुरुजी अंतरपाट काढणार आणि त्या एका सेकंदात दोघं पहिल्यांदा एकमेकांकडं बघणार, अक्षता हवेत, वाजंत्री सुरू, मामा मधी घुसणार, दोनशे मोबाईल वर होणार. रिटेक नाही. पहिल्या लग्नात मी हुकवलं. माझ्या फोटोत अंतरपाट अर्धा आणि मामाची पाठ. मालकांनी पुढची तीन लग्नं कॅमेरा दिला नाही, म्हणाले नुसतं बघ. कशाकडं बघू तर म्हणाले नवरानवरीकडं नको, अंतरपाट धरलाय त्या हातांकडं बघ. कापड खाली यायच्या आधी ते हात सैल पडतात. तीन लग्नं मी हात बघितले, चौथ्या लग्नात फोटो आला. तो अजून दुकानात लावलाय मालकांनी, माझं नाव नाही त्यावर पण लावलाय.

आता कोर्सची पण एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी विरोधात नाही हे कळंल. हॉलमध्ये एलईडी आल्या तेव्हापासून आमच्या फोटोत काळे पट्टे यायला लागले. मालक म्हणाले कॅमेरा बिघडला, कोल्हापूरला दाखवून आणला, काय नाही निघालं. मग मी यूट्यूबवर बघितलं, बारा मिनिटांचा व्हिडिओ. आपल्याकडं लाईन ५० हर्ट्झची, म्हणजे बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतोय, शटर फास्ट असलं की तो कमीतला तुकडा पकडला जातोय. १/१०० नाहीतर १/५० वर ठेवलं की पट्टे गेले, आणि सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करायचं. पस्तीस वर्षांच्या अनुभवाला जे सापडलं नाही ते बारा मिनिटांत सापडलं. मालकांनी चहा पाजला त्या दिवशी.

म्हणून मला वाटतंय की यंत्राचं काय अडलं तर व्हिडिओ बघावा, माणसाचं अडलं तर माणसाजवळ जावं. कुणाच्या घरचं लग्न असलं तर ओळखीच्या फोटोग्राफरला विचारून मागं उभं ऱ्हावा दिवसभर. फक्त त्याच्या मधी येऊ नका.

लीड्सकर (रविवार, दुपारी ४:४०)

दादा काय लिहिलंय तुम्ही! त्या हातांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये नेमका तो फोटो नाहीये, मामाची पाठच आहे.

कैरीपन्हं (रविवार, रात्री ९:३०)

अरे बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. कोर्स घेतला नाही. (खडूसराव, सेलची मुदत मंगळवारपर्यंत वाढलीये, तुम्ही देव आहात.) पण लीड्सकर म्हणाली ते मनाला लागलं, म्हणून तो जुना ११ टक्केवाला परत उघडला, एक धडा बघितला आणि बंद करून पन्नास फोटो काढले. धडा होता ॲपर्चरचा, फोटो गॅलरीतल्या मिरचीच्या कुंडीचे. एफ ५.६ आणि एफ १६ मधला फरक दिसला पण अगदी तसं मागचं सगळं वितळल्यासारखं नाही येत. त्यासाठी ५० एमएमची स्वस्तातली लेन्स घ्यायची का? एकाने जुनी ५० १.८ डी देऊ केलीये.

जास्वंद, तुमच्या चौघीत पाचवी चालेल का?

रानपाखरू (रविवार, रात्री ९:४१)

डी घेऊ नका!! डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्या लेन्सवर ऑटोफोकस चालणारच नाही. १.८ जी घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते. त्यातही तुमच्या छोट्या सेन्सरवर ५० एमएम म्हणजे ७५ सारखी दिसते, घरात भिंतीला पाठ टेकते. ३५ एमएम १.८ जी बघा.

आणि लेन्स न घेताही येईल तो परिणाम, ७०-३०० ला पूर्ण ३०० वर न्या, कुंडीच्या जवळ जा, आणि मागची भिंत लांब असू द्या.

अण्णा_एकसष्टी (सोमवार, सकाळी ७:५०)

सर्वांना नमस्कार. मी या विषयातला जुना खोंड आहे. वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता, १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर बारा फोटो यायचे, आणि ते बारा फोटो गणपती ते दिवाळी पुरवायचे. चुकला की वडील पैशात सांगायचे किती चुकला ते. पुढे घरच्या मोरीत डार्करूम केली, लाल बल्ब, हायपोचा (फोटो पक्का करायच्या रसायनाचा) वास, आईच्या शिव्या. एक्सपोजर शिकलो कुठे तर फिल्मच्या खोक्याच्या आतल्या बाजूला छापलेलं असायचं तिथे. लख्ख उन्हात एफ १६ आणि शटर एक भागिले फिल्मचा आयएसओ. शंभरची फिल्म असेल तर १/१२५ धरायचं. हा माझा कोर्स.

इथे बायकांनी बरंच लिहिलंय म्हणून आणखी एक सांगतो. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्या जे.जे. मध्ये कला शिकल्या पण कॅमेरा शिकल्या त्यांच्या मित्राकडून, माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे लग्न झालं. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे तेही नवऱ्याच्या नावाने. पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, नव्वदी ओलांडल्यावर.

असो. कैरीताई, तुम्ही लिहिलंत "मनात दिसतं तसं फोटोत यावं". माझा अनुभव असा की मनात नीट दिसतच नसतं, आपल्याला वाटतं दिसतंय. यावर मी माझ्या भाच्याला एक काम दिलं होतं ते तुम्हालाही देतो, फुकट आहे. घरातला स्टीलचा तांब्या घ्या. चकचकीत. खिडकीजवळ टेबलावर ठेवा. महिनाभर त्याचाच फोटो काढायचा, सकाळ, दुपार, संध्याकाळ, फ्लॅश नाही, दुसरी वस्तू नाही. तांब्या गोल दिसला पाहिजे, स्टीलचा दिसला पाहिजे आणि तांब्यात तुमचं घर दिसता कामा नये. भाच्याने आठ दिवसांत सोडून दिलं आणि ड्रोन घेतला.

मेगापिक्सेल_मामा (सोमवार, सकाळी ८:१५)

कुठला ड्रोन

कैरीपन्हं (तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १:२०)

धागा वर काढतेय, माफी. आज कवडीला दुसऱ्यांदा जाऊन आले, रानपाखरू भेटली, बगळा मायनस एकवर काढला, पिसं आली. शेकाट्याचे पाय मात्र सगळ्या फोटोंत कापलेत मी, इतके लांब असतात हे माहीतच नव्हतं. लेन्स घेतलेली नाही. कोर्स २३ टक्क्यांवर आलाय. जास्वंदच्या कंपूत पुढच्या शनिवारी पाच प्रिंट घेऊन जायचंय, भीती वाटतेय.

आणि अण्णा, तुमचा तांब्या. किती दिवस झाले, वेड लागायची पाळी आलीये. आधी सगळं घर दिसत होतं त्यात, पंख्यासकट. मग पडदा लावला तर तांब्या करडा आणि मेलेला. मग एका बाजूने उजेड ठेवला तर निम्मा तांब्या काळा आणि गोल दिसायला लागला, तेव्हा मी ओरडलेच, लेक पळत आली. पण एक काही जात नाहीये, मधोमध मी स्वतः दिसतेच, कॅमेरा डोळ्याला लावलेली. कुठेही उभी राहिले तरी दिसते. शेवटी फोटो इथे टाकणार होते पण त्यात मी गाऊनमध्ये आहे म्हणून टाकत नाहीये.

अण्णा_एकसष्टी (रविवार, दुपारी २:०५)

खिडकीला पांढरी चादर लावा, पातळ, जुन्या धोतरासारखी. तुम्ही उभ्या राहता ती बाजू अंधारी करा आणि लांबून ७०-३०० ने काढा, म्हणजे तुम्ही मोहरीएवढ्या व्हाल. अंगावर काळी ओढणी घेतलीत तर तेवढ्याही दिसणार नाही.

पण आजचा तो फोटो आधी टाका. गाऊनसकट टाका.